मुक्या माराचा रंग

१

पहिल्यांदा जे खटकलं ते नखाच्या कडेएवढंही नव्हतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे फाटकी पुस्तकं बांधणीची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहतात, तिथल्या भिंतीवरून तिने चिमट्याने एक पिशवी उचलली आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली. पिशवी म्हणजे कुणाच्याही घरात भिंतीला चिकटलेली असते तीच. चपटी, राखाडी, भोपळ्याच्या बीसारखी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. लोक ती कचरा समजून झाडूने उडवतात. खरं तर आत एक अळी राहत असते. धूळ, वाळूचे कण, कोळ्याची जाळी, कपड्यांचे तंतू, गळलेले केस, जे सापडेल ते ती आपल्या रेशमात गुंडाळते, त्याचं घर करते आणि ते घर ओढत भिंतीभर हिंडते. पिशवीला दोन्हीकडे तोंड असतं. वाटेल तेव्हा अळी आतल्या आत उलटी फिरते आणि दुसरीकडून डोकं काढते. पुढे कधीतरी तिचा एक क्षुद्र राखी पतंग होतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

ती बघायची. तिची नोकरीच ती होती. या पतंगाच्या पंखांवर एरवी चार ठिपके असतात. गेल्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना तीनच ठिपके असलेला एक सापडला, आणि तो निराळ्याच जातीचा निघाला. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'तीनठिपक्या' म्हणू लागले. हा तीनठिपक्या कुठे कुठे पोचलाय ते गावोगाव फिरून नोंदवायचं, नकाशावर टिंबं लावायची, हे काम तिच्याकडे आलं होतं.

घरी तिचं नाव दचकू. कुकरची शिट्टी झाली तरी जिच्या हातातलं भांडं पडतं तिला दुसरं काय म्हणणार? नाव ठेवलं ताईने. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण. दोघींमध्ये इतकं अंतर की नवखी माणसं त्यांना मायलेकी समजत. आई-वडील गेले तेव्हा दचकू शाळेत होती आणि ताईचं लग्न ठरलेलं होतं. ते मोडलं. कुणी मोडलं, हे ताईने कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा दचकूला धीर झाला नाही. ताईने विणायचं मशीन घेतलं, लोकर घरीच रंगवायला सुरुवात केली, आणि स्वेटर विकून बहिणीला कॉलेजपर्यंत नेलं. दचकूला जगात आपलं म्हणावं असं हे एवढं एकच माणूस होतं.

तर, त्या राखाडी पिशवीच्या टोकाशी एक बारीक कडं होतं. ना निळं, ना जांभळं, कडेला हिरवट.

तो रंग तिने बघताक्षणी ओळखला. गेल्या थंडीत ताईचा लोकर रंगवायचा एक घाणा बिघडला होता. कितीही धुतला तरी रंग सुधरेना. "मुक्या मारासारखा दिसतोय," ताई म्हणाली होती, "पडून तिसऱ्या दिवशी दिसतो तसा." दुसऱ्या कुणाकडे ही लोकर असणं शक्य नव्हतं. पुन्हा जमवायचा म्हटलं तर तो रंग ताईलाही जमला नसता.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि लगेच तिला स्वतःचंच हसू आलं. तिच्या अंगात त्याच लोकरीचा स्वेटर होता. पडला असेल एखादा तंतू, उचलला असेल अळीने. एवढं काय?

तरीही वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून तिने ताईला फोन लावलाच.

"ताई, एक विचारू?"

"नाही म्हटलं तर थांबणारेस का?"

"ती मुक्या माराची लोकर तू आणखी कुणाला दिलीस?"

"कोण घेतंय! दुकानदार म्हणाला, बाई, हे घालून बायको रस्त्यात दिसली तर नवऱ्याला पोलीस धरून नेतील. तुझा स्वेटर झाला, आणि उरलेली तुझ्या त्या किड्यांना घातली."

"किडे नाहीत गं. अळ्या."

"अळ्या. चुकलं माझं. जेवलीस?"

"हो."

"खोटं. आवाजावरून कळतं." ताईला खोकल्याची उबळ आली. लोकरीत जन्म काढलेल्या माणसाचा कोरडा, जुना खोकला. "शनिवारी येतेस ना? ये बाई. घर खायला उठतं हल्ली."

२

अळ्यांना लोकर घातली होती ती मॅडमच्या सांगण्यावरून. पावसात प्रयोगशाळेच्या भिंतींना ओल आली, दुरुस्ती निघाली, तेव्हा तीनठिपक्याच्या अळ्या वाढवायच्या कुठे हा प्रश्न पडला. दचकूने जाळीचे डबे घरी नेले. ताईने मशीनच्या खोलीतला एक कोपरा रिकामा करून दिला. मॅडम म्हणाल्या, जी लोकर कुठेच मिळत नाही ती द्या, म्हणजे पिशवी बघूनच कळेल की ही आपली. अशी खूण करायची पद्धतच आहे त्यांच्यात. दौऱ्यावर निघताना एका डब्याची जाळी कोपऱ्यात उसवलेली दिसली होती. दोन-चार सुटल्या असतील. सुटल्या तर काय करतील? लोकर खातील. या लोकांना अळी सुटल्याची भीती वाटत नाही, वाया गेल्याची वाटते.

पुढच्या गावी दवाखाना होता. स्वेटर तिने काढला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारली, कपडे बदलले, चिमटा उकळून घेतला. औषधांच्या खोलीतलं लोखंडी कपाट नर्सबाईंनी कंपाउंडरला बोलावून सरकवून घेतलं.

"इतकं वाकून वाकून आम्ही पेशंटलासुद्धा बघत नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. "नेमकं काय शोधताय?"

"भिंतीवरच्या अळ्या."

"मग आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जा. तिथे कोण काय खातंय याचा पत्ताच लागत नाही."

दचकू हसली. हसता हसता तिने कपाटामागे टॉर्च मारला आणि हसू जागच्या जागी वाळलं.

पिशव्या पुष्कळ होत्या. प्रत्येकीला त्याच रंगाचा पट्टा होता, आणि तो टोकाला नव्हता. मध्ये होता.

या अळीची घर बांधायची रीत ठरलेली असते. अंड्यातून निघाल्या निघाल्या ती स्वतःभोवती एक कमान विणते. मग जसजशी वाढते तसतसं घर दोन्ही टोकांनी लांबवत जाते. म्हणजे पिशवीचा मधला भाग सगळ्यात जुना, बाळपणीचा. मध्ये ताईची लोकर आहे याचा अर्थ ही अळी जन्मली तेव्हा तिच्या अवतीभवती ताईची लोकर होती. आणि दचकू तर या दवाखान्यात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होती.

तिने बाहेर येऊन मॅडमना फोन केला. मॅडम काहीतरी चघळत होत्या.

"मॅडम, नमुन्यांत आपला खुणेचा रंग येतोय."

"म्हणजे तू नेलास. अंगावर काय होतं?"

"स्वेटर त्याच लोकरीचा होता. पण बंद केलाय तो. आणि मॅडम, रंग मध्ये आहे. मध्यभागी."

चघळणं थांबलं. मग मॅडम नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "भिंगातून काहीही दिसतं. तू घाबरट आहेस, ते आधीच मनात धरून बघतेस. एक कर. पुढच्या ठिकाणी रंगाखालचं घे."

रंगाखालचं घ्यायचं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. रंगारी भिंत घासायचा कंटाळा करतात. पिशव्यांवरूनच ब्रश फिरवतात. जुन्या भिंतीवर हात फिरवला की रंगाखाली त्या चणीबोरासारख्या टोचतात. वरचा रंग जितका जुना, तितकी आतली पिशवी जुनी. तिथे तुमच्या स्वेटरचा तंतू जाऊच शकत नाही. संशय फेडायला याच्याइतका चांगला उपाय नव्हता, आणि दचकूला तो मनापासून पटला. तिने त्या क्षणी घरची बस धरायला हवी होती. पण शिकलेलं माणूस आधी संशय फेडून घेतं.

लॉजवर पोचल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, तिने ताईला पुन्हा फोन लावला. खूप वेळाने उचलला.

"माझी लोकर चाललीय कुठे गं?" ताई म्हणाली. "काल ठेवलेली लड आज जागेवर नाही. पांढरी, करडी, सगळी. उंदीर म्हणावा तर लेंडी नाही."

"तू विणतेयस ना आत्ता? मागे आवाज येतोय."

"कसला?"

मागे बारीक खरखर होती. वाळलेल्या पानांवरून कुणी बोट फिरवावं तशी, न थांबणारी.

"मशीन बंद आहे," ताई म्हणाली. "डोळे दुखतात म्हणून नुसती बसलेय, भिंतीला टेकून."

"टेकू नकोस."

"का?"

दचकूला सांगता येईना. आपल्या तोंडून ते का निघालं हे तिलाच कळलं नव्हतं.

"टेकलं की बरं वाटतं," ताई म्हणाली, "पाठ धरल्यासारखी होते. चांगली धरल्यासारखी." तिचा आवाज लांबून, कापडाआडून आल्यासारखा होता. आणि त्या सगळ्या बोलण्यात ती एकदाही खोकली नाही. त्याने दचकूचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही.

३

शाळेला सुट्टी होती. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे, ती मागे. रिकाम्या शाळेत पावलांचा आवाज उगाचच मोठा येतो. दर दोन खोल्यांनी दचकू मागे वळून बघत होती.

"सगळ्यात जुना रंग कुठल्या वर्गाला आहे?" तिने विचारलं.

"कोपऱ्यातल्या. हा पिवळा मी नोकरीला लागलो तेव्हाचा. पुढल्या वर्षी रिटायर होईन मी. मधल्या काळात रंग लागला तो पोरांच्या तोंडालाच." शिपायाने दार ढकललं. "खरवडा हवं तेवढं. मुख्याध्यापक विचारतील तर सांगेन, ओल आली."

बाकं एका बाजूला रचून ठेवली होती. तिने ब्लेड काढलं आणि फळ्याशेजारी, तळहाताला टोचलं तिथला रंग अलगद उचलला. पापुद्रा निघाला. खाली पिशवी होती, चुन्यासारखी कडक झालेली, अगदी शाबूत. तिने ती कागदावर ठेवून उभी चिरली.

आत राखाडी असं काही नव्हतंच. सगळी पिशवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुक्या माराच्या रंगाची.

ती बाकावर बसली. मग तिने एकेक कारण काढून बघायला सुरुवात केली. रंगाला कुठेतरी भेग असेल, तिथून अळी नुकती शिरली असेल. भेग नव्हती. जुन्या जमान्यात कुणाच्या तरी लोकरीचा असाच रंग बिघडला असेल. असेल! का नसेल? जगात काय ताई एकटीच लोकर रंगवते? या विचाराने तिला घटकाभर बरं वाटलं, आणि तेवढ्यात चिमट्याच्या टोकाला रेशमात गुंतलेला एक केस आला. मुळाशी पांढरा आणि तिथून पुढे तपकिरी कलपाचा. ताईचा कलप गेल्या महिन्यात राहून गेला होता. 'शनिवारी आलीस की तूच लाव', असं ती म्हणाली होती.

असे केस घरोघरी असतात, तिने स्वतःला सांगितलं. प्रत्येक दुसऱ्या बाईचे असतात.

"आणखी पाहिजेत का?" शिपाई दारातून म्हणाला. "फळ्यामागे मरणाच्या आहेत. फळा मी टेकवून ठेवलाय नुसता. तिथली भिंत खिळा धरत नाही."

दोघांनी मिळून फळा बाजूला केला.

पिवळ्या रंगाखाली बारीक बारीक उंचवटे होते, एकाला एक लागून. शिपायाच्या दृष्टीने ते फुगवटे होते, ओलीचे. दचकूने दोन पावलं मागे जाऊन बघितलं, कारण नमुना कुठून घ्यायचा ते ठरवताना तसंच बघायचं असतं. मग तिला दिसलं की ते भिंतभर पसरलेले नव्हते. त्यांना कड होती. खाली जमिनीपाशी रुंद, वर येता येता पाठ होत गेलेली, मग दोन खांदे. आणि वर एका बाजूला कललेलं डोकं. दमून भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं असतं तसं.

"हे कधीपासून आहे?"

"आहेच की पहिल्यापासून. हात लावून बघा, गार नसतं तिथे. बाहेरून ऊन लागत असेल."

तिने हात लावला नाही. त्या भिंतीच्या पलीकडे ऊन नव्हतं. पलीकडे दुसरा वर्ग होता, आणि तिथूनच तर ती आत्ता आली होती.

४

ताईचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

बसस्टँडवर तिने तो लावला, तिकिटाच्या रांगेत लावला, बस सुटल्यावर लावला. ताई फोन लोकरीच्या ढिगाखाली ठेवून विसरते. हे तिचं नेहमीचंच. पण लोकर तर उरली नाही, असं मनात आलं आणि दचकूने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर घरं मागे पडत होती. प्रत्येक घराला भिंती होत्या.

शेवटी तिने शेजारच्या वहिनींना फोन केला.

"वहिनी, ताई दिसली का आज?"

"आज नाही गं. दार लावलेलं असतं. पण आहेत घरात. मशीन चालू असतं की दिवसभर."

"वहिनी, मशीन बंद आहे. ती म्हणाली मला."

वहिनी जराशा हळू म्हणाल्या, "मग आवाज कसला येतो?"

"प्लीज, एकदा जाऊन बघा ना."

फोन तसाच चालू ठेवून वहिनी गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज, मग दारावर थाप. "अहो ताई! ताई, तुमच्या दचकूचा फोन आहे!" मग काहीच नाही. मग वहिनी फोनवर आल्या, जरा धाप लागल्यासारख्या. "आहेत. हं म्हणाल्या."

"दार उघडलं?"

"नाही. आतून हं म्हणाल्या फक्त."

"आवाज ताईचाच होता ना?"

"हं ला काय गं आवाज असतो?" वहिनी चिडून म्हणाल्या, आणि त्यांच्या चिडण्यात जी भीती होती ती दचकूला तोंडपाठ होती. "तू ये लवकर. माझ्याकडे किल्ली आहे, पण मी एकटी जाणार नाही आत."

मधेच मॅडमचा फोन आला. रंगाखालचं घेतलंस का, काय निघालं, एकच ठिकाण उरलंय, ते करूनच ये. नकाशाला भोक ठेवू नकोस.

"मॅडम, मला घरी जायचंय."

"काय झालं?"

"तीनठिपक्या सगळीकडे आहे, मॅडम. कधीचाच आहे." पुढे तिला बोलवेना, आणि मॅडमचं ऐकवेना. तिने फोन ठेवला.

संध्याकाळ व्हायला अवकाश होता, पण तिला थंडी वाजू लागली. अंगाच्या आतून येणारी. शेवटी तिने ठरवलं, आता कसली स्वच्छता आणि कसले नमुने, स्वेटर घालावा. निदान ताईच्या हातचं काहीतरी अंगावर असेल. बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढली. गाठ तिने मारली होती तशीच, तितकीच घट्ट. दातांनी सोडवावी लागली.

आत स्वेटर नव्हता. तळाला मूठभर करडी भुकटी होती आणि तिच्यात गळ्याची तीन बटणं.

शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, "काय हरवलं का मुली?"

तिने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, तिलाही कळलं नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. फक्त एक गोष्ट तिच्यापुढे स्पष्ट होत गेली, आणि ती झटकता येईना. ती ताईकडे निघाली होती खरी, पण ती पोचेल तेव्हा उशीर झालेला असेल असं नव्हतं. उशीर शिपाई नोकरीला लागला त्याच्याही आधी झालेला होता. भिंत रंगवली त्याच्या आधी. आणि तरीही जायचं होतं. न जाऊन ती कुठे जाणार होती?

५

वहिनी दारातच थांबल्या. किल्ली दचकूने फिरवली.

बाहेरच्या खोलीत उन्हाची तिरीप नेहमीसारखी फरशीवर होती. कपात चहा होता, त्यावर साय. सगळं जागच्या जागी होतं, फक्त खोली मोठी वाटत होती. जरा वेळाने तिला कळलं का ते. पडदे नव्हते. पडद्यांच्या कड्या दांडीवर ओळीने होत्या. पलंगावर चादर नव्हती, उशी नव्हती, गादी नव्हती, लाकडी फळ्या होत्या. पायपुसण्याच्या जागी चौकोनी धूळ. दोरीवर चिमटे होते, कपडे नव्हते. खोलीत जे जे विणलेलं, शिवलेलं होतं ते गेलं होतं, आणि जे नव्हतं ते कुणी हलवलंही नव्हतं.

"चोरी झाली का गं?" वहिनी दारातून कुजबुजल्या.

"ताई?" दचकूने हाक मारली.

आतून खरखर येत होती. तिने मशीनच्या खोलीचं दार ढकललं तशी ती थांबली.

मशीन तिथेच होतं, सुया उघड्या. ज्या कोपऱ्यात डबे ठेवले होते तिथे जाळ्या सपाट पडल्या होत्या. आणि समोरची भिंत करडी होती. गिलावा करून तसाच सोडून द्यावा तशी खरबरीत, जाड, जमिनीपासून छतापर्यंत. तिच्यात मधून मधून मुक्या माराचे पट्टे गेले होते. जमिनीलगत ती इतकी पुढे आली होती की खोली तिथे अरुंद वाटत होती.

भिंतीच्या पायाशी ताईचा चष्मा होता, काड्या मिटलेला. त्याच्या पुढे ब्लाउजचे हुक पडले होते. विखुरलेले नव्हते, एकाखाली एक, सरळ रेषेत, घातलेले असतात तसे.

दचकूचं आयुष्य दचकण्यात गेलं होतं. आत्ता ती दचकली नाही. तिच्यात दचकणारं जे काही होतं तेच विझल्यासारखं झालं. अगदी शांतपणे, आपण हे का करतोय याचा विचार न करता, तिने फोन काढला आणि ताईला लावला. कारण ताई सापडत नाही तेव्हा ती हेच करत आलेली होती.

कानाशी घंटी वाजू लागली. मग खोलीतही वाजली. अगदी दबलेली, खोलवरची. तिने कानोसा घेतला. आवाज करड्या भिंतीतून येत होता, तिच्या गुडघ्यांच्या थोडा वर. बसलेल्या माणसाचा कान असतो तितक्या उंचीवर.

घंटीसरशी भिंत शहारली. सगळी एकदम नाही. घंटी होती तिथून सुरू होऊन कडेपर्यंत, पाण्यावर तरंग जावा तशी. आणि त्या शहाऱ्यात दचकूला दिसलं की तो गिलावा नाही, त्याला असंख्य निमुळती टोकं आहेत आणि प्रत्येक टोक तिच्या बाजूला वळलंय. मधोमध, दोन पट्ट्यांच्या दरम्यान, काहीतरी आतून किंचित कललं. झोपेत मान एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते तसं.

"ताई," ती म्हणाली. "ताई, मी आलेय गं. उचल ना."

घंटी वाजत राहिली. बाहेर वहिनी काहीतरी विचारत होत्या. उन्हाची तिरीप दारातून आत येऊन भिंतीच्या पायाशी पोचली होती, आणि जिथे ती पोचली होती तिथली टोकं एकेक करून आत ओढली जात होती.

मग खोलीतली घंटी थांबली. कानाशी श्वासासारखं काहीतरी आलं, कोरडं, जवळचं. आणि ताईच्याच आवाजात, झोपमोड झाल्यावर ती बोलते तितक्याच वैतागाने आणि मायेने, कुणीतरी म्हणालं, "आलीस? ते दार लाव आधी. उजेड येतोय आम्हांला."